चपटं भिंग, पण कशाचं?

"सिलिकॉनच का घेतलंस?" रिव्ह्यूमध्ये सरांनी एवढंच विचारलं आणि माझी बोलती बंद झाली. मित्रांनो, फायनल इयर प्रोजेक्टचे चार आठवडे मी ज्या चुकीत घालवले ती तुम्ही करू नये, म्हणून हा लेख.

विषय होता मेटालेन्स. साधं भिंग काचेच्या फुगवट्याने प्रकाश वळवतं. मेटालेन्स मात्र सपाट. त्यावर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कमी अंतरावर सूक्ष्म खांब उभे असतात. उंची सारखी, जाडी वेगवेगळी. जाड खांब प्रकाशाला जास्त उशीर करतो, बारीक कमी. कुठे किती उशीर करायचा हे नीट ठरवलं, की सगळ्या तरंगांचा ताल एकाच बिंदूवर जुळतो.

यासाठी ० ते एक पूर्ण तरंग एवढा उशीर जमायला हवा. ढोबळ हिशोब असा: खांबाची उंची किमान तरंगलांबी भागिले (अपवर्तनांक वजा १). म्हणजे अपवर्तनांक जितका जास्त, तितके खांब बुटके आणि बनवायला सोपे. इन्फ्रारेडमध्ये सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ३.५. तो पाहून मी खूश!

पण माझा लेसर होता हिरवा, ५३२ नॅनोमीटरचा. त्याच्या फोटॉनची ऊर्जा २.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर सिलिकॉनचा बँड गॅप १.१. मग प्रकाश आत शोषला जाणारच! सोलर पॅनलमध्ये जे हवं असतं तेच इथे नडलं. अमॉर्फस सिलिकॉन तर हिरवा प्रकाश आणखीच गिळतं.

सोनं चालेल का? २०११ मध्ये हार्वर्डच्या फेडेरिको कापासो यांच्या गटाने इन्फ्रारेडसाठी सोन्याचेच व्ही आकाराचे अँटेना वापरले होते. पण धातूतही प्रकाश वाया जातो. याच गटाने २०१६ मध्ये दृश्य प्रकाशासाठी टायटॅनियम डायऑक्साइड घेतलं. अपवर्तनांक सुमारे २.४, बँड गॅप ३ च्या वर, म्हणून हिरव्याला पारदर्शक. खांब ६०० नॅनोमीटर उंच. सिलिकॉन नायट्राइड चिपच्या कारखान्यात सहज बनतं, पण अपवर्तनांक २ च्या आसपास, म्हणून खांब आणखी उंच लागतात.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी तरंगलांबी, मग शोषण, मग अपवर्तनांक, शेवटी बनवायची सोय. मी उलटा चाललो होतो. मटेरियल बदलून सगळं सिम्युलेशन पुन्हा केलं, तेव्हा कुठे सबमिशन गाठलं!