३१६, वॉटर स्ट्रीट

ऑक्टोबर १८७२. न्यूयॉर्कच्या गोदीजवळचा वॉटर स्ट्रीट म्हणजे दारूचे गुत्ते आणि खलाशांना लुबाडणाऱ्या टोळ्या. त्या रस्त्यावर ३१६ क्रमांकाच्या घरात जेरी मॅकऑले आणि त्याची बायको मारिया यांनी रोज रात्री प्रार्थनेला बसायची खोली सुरू केली. जेरी पाद्री नव्हता. आयर्लंडमधून पोरवयात आलेला हा मुलगा नदीतल्या जहाजांवर चोऱ्या करत वाढला आणि १९व्या वर्षी सिंग सिंग तुरुंगात गेला. तिथे एकदा ऑर्व्हिल गार्डनर नावाचा एकेकाळचा मुष्टियोद्धा बोलायला आला आणि बोलता बोलता रडू लागला. जेरी कोठडीत परतला, झरोक्यात धूळ खात पडलेलं बायबल त्यानं झटकलं आणि वाचायला घेतलं.

१८६४ मध्ये माफी मिळून तो सुटला आणि पुन्हा प्यायला लागला. चोऱ्याही सुरू झाल्या. सावरला, परत घसरला. या कहाणीतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग. स्वतः इतक्यांदा पडलेल्या माणसानं उभारलेल्या मंडळीत, काल शपथ घेऊन आज झिंगत आलेल्याला दारातून परत पाठवणार कोण? तिथे लांबलचक प्रवचनं नसत. ज्याला त्याला आपली हकीकत सांगायला एक मिनिट मिळे.

जेरीनं १८८२ मध्ये क्रेमॉर्न मिशन उघडलं. तिथे दारूनं पुरता खचलेला सॅम्युएल हॅडली येऊन बसला, सुधारला, आणि जेरी गेल्यावर त्यानंच पुढे १९०६ पर्यंत वॉटर स्ट्रीटचं काम चालवलं. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं धर्मानुभवांवरच्या आपल्या १९०२ च्या ग्रंथात हॅडलीची हकीकत घेतली. पुढे हॅडलीच्या मुलाच्या साथीनं सॅम शूमेकर या धर्मगुरूंच्या कॅल्व्हरी चर्चनं १९२६ मध्ये तसंच एक मिशन काढलं. १९३४ च्या हिवाळ्यात तिथे राहणारा एबी थॅचर दारू सोडून आपल्या जुन्या पिणाऱ्या मित्राला, बिल विल्सनला, भेटायला गेला. बिलही त्या मिशनमध्ये आला, तोही पिऊनच. डिसेंबरमध्ये तो इस्पितळात दाखल झाला आणि त्यानंतर त्यानं दारूला हात लावला नाही. जेम्सचा तोच ग्रंथ त्यानं तिथे वाचला. पुढच्याच वर्षी अ‍ॅक्रनमध्ये त्यानं डॉ. बॉब स्मिथ यांच्यासह अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी केली.

ही संघटना पुढे कोणत्याही पंथाशी बांधलेली राहिली नाही आणि ते योग्यच झालं. म्हणून तर ती १९५७ मध्ये मुंबईत आली तेव्हा इथल्या हिंदू-मुसलमानांनाही आपली वाटू शकली. पण दारू सोडण्यासाठीच्या तिच्या बारा पायऱ्यांमागचा विचार शूमेकर यांच्याकडून आला, हे बिल स्वतः आवर्जून सांगत असे. १९८१ मध्ये वांद्र्यात फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं, तेव्हा त्या बारा पायऱ्यांना त्यांनी आपले गुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगाची जोड दिली. वॉटर स्ट्रीटवर कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं असं ते वळण!

चर्चच्या शाळेच्या एका वर्गात भरलेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची एक सभा मी पाहिली आहे. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. शेवटच्या बाकावर एक नवा माणूस होता, त्याची ती पहिलीच वेळ. चहा वाटणाऱ्यानं सगळ्यांचे कप काठोकाठ भरले, त्याचा मात्र अर्धाच. हात थरथरतो, सांडला तर लाज वाटेल म्हणून. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला.