मंडई हलवताना

२०१३ सालच्या हिवाळ्यात मी बार्सेलोनाला भाचीकडे गेले होते. ती तिथे शिकत होती आणि तिची खोली सांत आन्तोनी नावाच्या वस्तीत होती. नगररचना शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. सांत आन्तोनीच्या मंडईचा आराखडा मी वर्गात फळ्यावर कितीदा तरी काढला होता. त्यामुळे पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघाले. पाहते तर मंडईभोवती पत्रे ठोकलेले आणि आत खोदकाम. काम २००९ पासून चालू होतं.

माझा पडलेला चेहरा पाहून भाची म्हणाली, "मावशी, मंडई बंद नाहीये. ती पलीकडे गेलीय."

पलीकडे म्हणजे शेजारच्या रुंद रस्त्यावर. रस्त्याच्या मधोमध एक लांबलचक मांडव उभा होता. मांडव आपला म्हणायचा, कारण वर्षानुवर्षं टिकेल अशीच त्याची बांधणी होती. आत बर्फावर मांडलेली मासळी, पाण्यात भिजत घातलेले खारवलेल्या कॉड माशाचे तुकडे, ऑलिव्हची पिंपं, टांगलेल्या डुकराच्या तंगड्या. चाकांची पिशवी ओढत एक आजी आल्या आणि मासळीच्या गाळ्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "शेवटचं कोण?" रांग अशी कुठेच दिसत नव्हती, पण एका गृहस्थांनी हात वर केला. आजी निश्चिंत झाल्या आणि बाजूला जाऊन कुणाशी तरी गप्पा मारू लागल्या. त्यांचा नंबर त्या गृहस्थांच्या मागे लागला होता आणि तो सगळ्यांना मान्य होता. स्पेनमधल्या मंडयांची ही जुनी रीत, असं भाचीने सांगितलं.

त्या मांडवाचा विचार मी पुढे बरीच वर्षं करत राहिले. त्याला कारण आमच्याकडची मंडई. मी राहते त्या उपनगरात रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्यांसाठी दुमजली इमारत बांधली गेली. बांधकाम रेंगाळलं, त्या काळात भाजीवाले पांगले. इमारत झाली तेव्हा निम्मे ओटे वरच्या मजल्यावर निघाले. हातात दोन पिशव्या घेऊन जिना चढून कोथिंबीर घ्यायला कोण जाणार? आज वरच्या मजल्यावर भंगार साठवलेलं आहे आणि भाजीवाले पुन्हा रस्त्यावर आहेत. मोडकळीला आलेली मंडई पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न दोन्हीकडे झाला. तिकडे जे जमलं ते कसं जमलं, आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे या लेखात मांडायचं आहे.

तटाबाहेरची मंडई

बार्सेलोना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तटबंदीत कोंडलेलं शहर होतं. १८५४ मध्ये तट पाडायला सुरुवात झाली आणि बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर नवं शहर कसं वसवायचं हा प्रश्न आला. १८५९ मध्ये नगरपालिकेने स्पर्धा घेतली. ती आन्तोनी रोविरा इ त्रियास या वास्तुकाराने जिंकली. पण माद्रिदच्या केंद्र सरकारने इल्देफॉन्स सेर्दा या अभियंत्याचा आराखडा लादला. आज विमानातून दिसतात ते कोपरे छाटलेले चौकोनी ठोकळे सेर्दाचे. स्पर्धा जिंकूनही हरलेल्या रोविराच्या वाट्याला पुढे त्याच आराखड्यातला एक अख्खा चौकोन आला, मंडई बांधण्यासाठी. शहराचं रूप वास्तुकारापेक्षा काळच घडवतो, अशा आशयाचं बोधवाक्य त्याने स्पर्धेतल्या आराखड्यावर लिहिलं होतं. या मंडईच्या बाबतीत ते फारच खरं ठरलं.

१८८२ मध्ये सांत आन्तोनीची मंडई उघडली. मध्ये अष्टकोनी घुमट, त्यातून चौकोनाच्या चार कोपऱ्यांकडे जाणाऱ्या लोखंडी छपराच्या चार भुजा. पुणेकर वाचकाला हे ऐकल्यासारखं वाटेल. चारच वर्षांनी, १८८६ मध्ये, पुण्यात रे मार्केट उघडलं, तेही मध्ये अष्टकोनी मनोरा आणि भोवती पाकळ्यांसारखे पसरलेले भाग असलेलं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण उघड्यावरचा बाजार एका छपराखाली आणावा, स्वच्छता आणि वजनमापं यांवर नगरपालिकेची नजर असावी, हा विचार त्या काळी जगभरच्या शहरांत फिरत होता.

सांत आन्तोनीत खरं तर तीन बाजार नांदत. आत खाद्यपदार्थ, बाहेरच्या बाजूने ठरावीक वारी कपड्यांचे गाळे, आणि रविवारी सकाळी जुनी पुस्तकं, कॉमिक्स, मुलांची चित्रं बदलण्याचा बाजार. वस्तीचं येणंजाणं या तिन्हींमुळे मंडईशी बांधलेलं होतं.

मंडई का थकली

बार्सेलोनात नगरपालिकेच्या चाळीसच्या आसपास मंडया आहेत. बहुतेक प्रत्येक वस्तीला चालत जाण्याच्या अंतरावर एक. १९८० च्या दशकात त्यांतल्या बऱ्याच धापा टाकू लागल्या. कारणं आपल्याला अपरिचित नाहीत. सुपरमार्केटं आली. बायका नोकरीला जाऊ लागल्या आणि मंडई मात्र दुपारी आवरणारी. गाळे इतके लहान की शीतकपाट ठेवायला जागा नाही. माल उतरवायला आलेल्या गाड्या रस्ता अडवणार, कचरा फुटपाथवर पडणार. गाळेवाले साठीला आलेले, आणि पहाटे उठून मासळी आणायला त्यांची मुलं तयार नाहीत.

अशा वेळी दोन सोपे मार्ग असतात: जागा बिल्डरला देणं, किंवा इमारतीला रंग काढून उद्घाटन करणं. एक तिसरा मार्गही बार्सेलोनाने पाहिलेला होता. बॉर्न ही तिथली १८७६ ची भव्य लोखंडी मंडई. १९७१ मध्ये तिथला घाऊक व्यापार शहराबाहेर गेला. इमारत पाडायला निघाले तेव्हा रहिवाशांनी आंदोलन करून ती वाचवली. त्यानंतर ती अनेक वर्षं रिकामी राहिली आणि अखेर २०१३ मध्ये तिचं सांस्कृतिक केंद्र झालं. इमारत वाचली, मंडई गेली.

शहराने काय केलं

१९८६ मध्ये शहराने खाद्यपदार्थांच्या व्यापारासाठी एक खास आराखडा केला. मंडई हे वस्तीच्या खरेदीचं केंद्र मानायचं आणि तिच्या आसपास खाद्यपदार्थांची नवी मोठी दुकानं काढण्यावर मर्यादा घालायच्या, हे त्याचं सूत्र. पाठोपाठ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मंडयांचा कारभार पाहणारी महापालिकेची स्वतंत्र संस्था आली. आरोग्य, बांधकाम, परवाने अशा खात्यांत फिरणारी फाइल एका टेबलावर आली, हा या संस्थेचा खरा फायदा.

नूतनीकरणाची रीत हळूहळू ठरत गेली. गाळेवाला जागेचा मालक नसतो. महापालिकेने त्याला ठरावीक मुदतीचा हक्क दिलेला असतो. ज्यांना निवृत्त व्हायचं आहे त्यांचे हक्क परत घ्यायचे, शेजारचे गाळे जोडून मोठे करायचे. म्हणजे गाळे कमी, पण प्रत्येक गाळा पोट भरण्याइतका. खाली तळघर खोदून माल उतरवणं, कचरा, पार्किंग तिथे न्यायचं. वेळ संध्याकाळपर्यंत वाढवायची. आणि ज्या सुपरमार्केटला मंडई घाबरत होती, त्यालाच आत जागा द्यायची. डबाबंद माल, साबण, कागदी रुमाल त्याने विकावेत, ताजा माल मंडईने. एकाच फेरीत गिऱ्हाईकाची दोन्ही कामं होतात, आणि सुपरमार्केटने दिलेल्या पैशातून कामाचा काही भाग निघतो. खर्चाचा एक वाटा गाळेवालेही उचलतात, त्यामुळे आराखड्याच्या चर्चेत त्यांना खुर्ची मिळते.

या रीतीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण जुन्या शहरातली सांता कातेरीना मंडई. एन्रिक मिरायेस आणि बेनेदेत्ता तालियाबुए यांनी तिच्यावर लाटांसारखं छप्पर घातलं आणि त्यावर ६७ रंगांच्या सव्वातीन लाख षट्कोनी फरश्या बसवल्या. मिरायेस २००० मध्ये वारला, मंडई २००५ मध्ये उघडली. वास्तुकलेची मासिकं त्या छपराने भरून गेली. मीही वर्गात छप्परच दाखवत असे. ते काम चाललं होतं तेव्हा तिथले विक्रेते कुठे होते, हे मी एकाही विद्यार्थ्याला सांगितलं नाही, कारण मला तो प्रश्नच पडला नव्हता. तेही जवळच्या एका रुंद रस्त्यावर तात्पुरत्या मंडईत होते.

सांत आन्तोनीत हा प्रश्न जास्तच कठीण झाला. जमिनीखाली चार मजले खोदायचे होते. खोदताना जुन्या तटाचा बुरूज लागला, खंदकाची भिंत लागली, रोमन काळातल्या व्हिया आउगुस्ता या हमरस्त्याचा तुकडाही लागला. त्यात २००८ नंतरचं आर्थिक संकट. काम नऊ वर्षं लांबलं. २३ मे २०१८ रोजी मंडई पुन्हा उघडली तेव्हा सुमारे ८ कोटी युरो खर्च झाले होते.

नऊ वर्षं हा काळ कुठलीही मंडई मरायला पुरेसा आहे. गिऱ्हाईक पंधरा दिवस दुसरीकडे गेलं की त्याचे पाय तिकडे वळतात. सांत आन्तोनी तगली, कारण मांडव जुन्या जागेला लागून होता, मासळीवाला तोच होता, आणि "शेवटचं कोण?" हा प्रश्न एक दिवसही बंद पडला नाही. रविवारचा पुस्तकबाजारही असाच बाजूच्या रस्त्यावर छप्पर घालून चालू ठेवला होता. वाहनांसाठीचा रुंद रस्ता इतकी वर्षं भाजी-मासळीला देणं हा सोपा निर्णय नव्हता. माझ्या मते ८ कोटी युरोंइतकाच तो महत्त्वाचा होता.

किंमत कुणी मोजली

२०१९ च्या ऑक्टोबरात मी पुन्हा गेले. छप्पर धुऊनपुसून लखलखीत, घुमटाखाली उजेड, बाहेरच्या गाळ्यांनी पूर्वी झाकलेलं लोखंडी नक्षीकाम आता मोकळं. तळघरात उतरलं की बुरुजाची भिंत समोर येते आणि लोक तिच्या पायथ्याशी बसलेले असतात. मंडईलगतच्या रस्त्यांवरून गाड्या काढून टाकल्या होत्या आणि भर चौकात मुलं खेळत होती. इतकं सुरेख काम मी क्वचित पाहिलं आहे.

पण या वेळी मी भाचीकडे उतरले ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. सांत आन्तोनीतलं भाडं तिला परवडेना. मंडईजवळच्या गल्लीत न्याहारीची महागडी दुकानं झाली होती. वस्ती सुधारली तशी घरमालकांची अपेक्षाही सुधारली. रहिवाशांनी त्याविरुद्ध आवाजही उठवला. खाद्यपदार्थांचे गाळे पन्नासेक उरले होते, पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. ज्यांनी हक्क परत दिले त्यांतले काही खुशीने गेले असतील, काही थकून.

आणखी एक भीती शहराला ठाऊक आहे. राम्ब्ला रस्त्यावरची बोकेरिया मंडई पर्यटकांनी इतकी भरली की २०१५ मध्ये शुक्रवारी आणि शनिवारी दुपारपर्यंत पंधराहून मोठ्या गटांना आत यायला बंदी करावी लागली. फळांचे कापलेले तुकडे पेल्यात घालून विकणं फायद्याचं झालं, तेव्हा स्वयंपाकासाठी किलोभर फळं घेणाऱ्या बाईला धक्के खात जावं लागू लागलं. ओस पडून मंडई मरते, तशी फार गाजूनही मरू शकते.

इथे मला पुण्याची मंडई पुन्हा आठवते. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. नव्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाला लावावा असं त्यांचं म्हणणं होतं. इमारत झालीच, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिचं नाव महात्मा फुले मंडई झालं. या योगायोगाकडे आपण गमतीने पाहतो. मला त्यात नगरपालिकेच्या प्रत्येक बांधकामाला विचारायचा प्रश्न दिसतो: पैसा सगळ्यांचा आहे, तर उपयोग कुणाला? बार्सेलोनाच्या मंडया जिवंत राहिल्या याचं श्रेय महापालिकेला द्यायलाच हवं. पण मंडईभोवतीची घरं तिने तितक्याच निगुतीने राखली नाहीत, हेही त्याच हिशोबात मांडायला हवं.

यंदा आमच्या उपनगरातल्या त्या दुमजली मंडईवर पुनर्विकासाचा फलक लागला. चित्रात काचेची इमारत आहे, सरकते जिने आहेत, समोर हिरवळ आहे. मी ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं पालेभाजी घेते त्या मावशी फलकाच्या सावलीतच बसतात. मी विचारलं, "मावशी, बांधकाम होईपर्यंत तुम्ही कुठे बसणार?"

त्यांनी मेथीची जुडी झटकून पिशवीत टाकली. म्हणाल्या, "ते अजून कुणी सांगितलं नाही, ताई."

फलकावर मी पुन्हा नजर फिरवली. मजले लिहिले होते, गाड्या किती मावतील ते लिहिलं होतं. मांडवाचा उल्लेख कुठेच नव्हता.