गोळीच जेव्हा डोकेदुखी होते

सुलतान बाजारातील एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. वैशाखातील दुपार आहे, बाहेर ऊन मी म्हणत आहे. घरातील आई पहाटेपासून राबते आहे. मुलांची जेवणे झाली, परंतु तिच्या पोटात चहावाचून काही गेलेले नाही. कपाळाची शीर ठणकू लागते. ती डबीतील गोळी काढून पाण्याबरोबर गिळते आणि पुन्हा कामाला लागते. हा क्रम वर्षानुवर्षे चाललेला असतो. मग एके दिवशी दुकानदार नेहमीच्या गोळीऐवजी दुसरीच देतो. तासाभरात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडू लागतो. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "कोणती गोळी घेतली होती?" आणि घरातील एकालाही तिचे नाव सांगता येत नाही!

हे चित्र कल्पनेतील असले, तरी त्यातील एकेक गोष्ट घरोघरी घडणारी आहे.

वेदना हरण करणाऱ्या औषधावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, हा धडा ह्या शहराला नवा नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी दिल्या जाणाऱ्या क्लोरोफॉर्मने काही रोगी दगावत. त्याचे कारण शोधण्यासाठी १८८८ व १८८९ साली सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या आश्रयाने हैदराबादेत दोन आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाने डॉ. लॉडर ब्रंटन यांना येथे धाडले. धोका श्वासाला आहे, हृदयाला थेट नाही, असा निष्कर्ष निघाला. परंतु १९११ साली लेव्ही ह्या संशोधकाने क्लोरोफॉर्म हृदयही बंद पाडू शकतो, हे दाखवून दिले. विद्वानांचा निर्णयही पुढील अनुभवाने बदलतो. मग डबीतल्या गोळीविषयी आपणच निर्धास्त का असावे?

जुन्या काळी डोकेदुखीच्या गोळ्यांत फेनॅसेटिन नावाचे द्रव्य सर्रास असे. ते मूत्रपिंडांना अपायकारक ठरले आणि १९८३ साली भारतात त्यावर बंदी आली. अ‍ॅनाल्जिनची विक्री जून २०१३ मध्ये थांबविण्यात आली व फेब्रुवारी २०१४ मध्ये अटींसह तिला पुन्हा मोकळीक मिळाली. रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटणे, हा तिचा विरळ पण गंभीर दोष होय. अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेन यांनी जठरातून रक्तस्राव होऊ शकतो, काहींचा दमा उसळतो, आणि डेंग्यूच्या तापात ती टाळावीच लागतात. लहान मुलांना तर डॉक्टरांच्या सांगण्यावाचून अ‍ॅस्पिरिन देऊच नये. पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य खरे, परंतु प्रमाणाबाहेर गेले की यकृत निकामी करते. पुन्हा सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असते, त्यामुळे ते नकळत दुप्पट पोटात जाते.

ह्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, गोळीच डोकेदुखीला जन्म देते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि अनेक द्रव्यांची मिश्र गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर डोके जवळजवळ रोज दुखू लागते. मनुष्य म्हणतो, 'दुखते म्हणून घेतो.' खरे पाहता, घेतो म्हणूनही दुखते! गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस त्रास वाढतो व पुढे तो ओसरतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

आता गोळी बाधली तर काय करावे? श्वास कोंडला किंवा ओठ-जीभ सुजली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. गोळीचे वेष्टन बरोबर न्यावे. बरे वाटल्यावर त्या औषधाचे मूळ नाव, तारीख आणि काय झाले हे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी नेहमी जवळ बाळगावी. एका गोळीने दमा किंवा सूज आली असेल, तर तिच्या जातकुळीतील दुसरी गोळीही तोच प्रताप दाखवू शकते. म्हणून शेजारणीला मानवली तीच आपण घ्यावी, हा विचार सोडावा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी सरकारी योजना २०१० पासून देशात चालू आहे. १८००-१८०-३०२४ ह्या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही आपला अनुभव कळविता येतो. एकाचा अनुभव दुसऱ्याचा जीव वाचवू शकतो.

मग डोके दुखू लागले, तर दुसरा उपाय कोणता? प्रथम एक वही करावी. दुखणे केव्हा आले, त्याआधी काय खाल्ले, झोप किती झाली, हे महिनाभर लिहावे. पुष्कळदा कारण तेथेच सापडते. कोणाचा उपवास लांबलेला असतो, कोणी उन्हात पाणी प्यालेले नसते, कोणाचा चष्मा बदलायला झालेला असतो. इराण्याच्या हॉटेलातील चहाचे चार पेले रोज पिणाऱ्याचे डोके चहा चुकल्यासही दुखते. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, अंधाऱ्या खोलीत थोडा विसावा आणि कपाळावर गार पाण्याची पट्टी, ह्यांना पैसा पडत नाही. हैदराबादेत १९२० पासून घरोघरी असलेले झिंदा तिलिस्मात किंवा १८९३ साली मुंबईत निघालेले अमृतांजन कपाळाला लावल्याने अनेकांना बरे वाटते. मात्र असली उग्र द्रव्ये तान्ह्या मुलांपासून दूर ठेवावीत. वारंवार अर्धशिशी उठणाऱ्यांसाठी ती मुळात येऊच नये अशी निराळी औषधे असतात, ती डॉक्टरांना विचारावीत.

एकाएकी वीज कोसळावी तसे डोके दुखले, तापाबरोबर मान ताठली, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, डोक्याला मार लागला किंवा पन्नाशीनंतर नवीनच दुखणे जडले, तर मात्र घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

वाचकहो, आज रात्री आपल्या घरातील गोळ्यांची डबी उघडून पाहा. त्यात बिननावाच्या गोळ्या किती आहेत? आणि घरातील आई त्यांतील किती गोळ्या कोणालाही न सांगता घेते, हे आपणांस ठाऊक आहे काय? नसेल, तर तिला प्रेमाने विचारा आणि उद्या दुपारी तिचे ताट सर्वांच्या आधी वाढा.