मेंढा (लेखा): ग्रामसभा आणि तिचे सहकारी
गावात रुजणाऱ्या नव्या प्रयोगांना माहिती, कायदा आणि शासन यांच्याशी जोडणारा दुवा लागतो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव याचे ठळक उदाहरण आहे. तेथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. त्याआधी अभ्यासगटात विषयाची सर्व बाजूंनी चर्चा होते. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी या अभ्यासाला साथ दिली. निर्णयाचा अधिकार मात्र गावाकडेच राहिला. वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यामुळे बांबूची तोड, विक्री आणि जंगलाची राखण यांचा कारभार ग्रामसभा स्वतः पाहू लागली.