पडद्यावरची भेट आणि दवाखान्यातली भेट

मुळशी तालुका पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला आहे. तेथील ताम्हिणी घाटाच्या परिसरात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. कधी दरड कोसळून रस्ताही बंद होतो.

समजा, या भागातील एका शेतकऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. किडनीला मराठीत मूत्रपिंड आणि उर्दूत गुर्दा म्हणतात. आईने आपली एक किडनी त्याला दिली. पुण्याच्या रुग्णालयात प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. आता त्याला ठरावीक दिवसांनी डॉक्टरांना भेटावे लागते. त्यासाठी प्रत्येक वेळी पुण्याला जायलाच हवे का? मोबाइलच्या पडद्यावर डॉक्टरांशी बोलून भागणार नाही का?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपले शरीर बाहेरून आलेल्या रोगजंतूंशी लढते. पण ते दुसऱ्याच्या किडनीलाही परके समजते. 1954 साली अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे यांनी किडनीचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. तेव्हा किडनी देणारा आणि घेणारा हे हुबेहूब सारखे जुळे भाऊ होते. म्हणून शरीराने ती स्वीकारली. इतर रुग्णांना मात्र शरीराचा विरोध कमी करणारी औषधे रोज घ्यावी लागतात. औषध कमी पडले, तर नवी किडनी बिघडते. जास्त झाले, तर रोगजंतू सहज हल्ला करतात.

हे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही. ते रक्त तपासूनच कळते. टॅक्रोलिमस नावाच्या औषधाची तपासणी असेल, तर सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावे लागते. किडनी बिघडू लागली तरी सुरुवातीला बहुधा दुखत नाही. पडद्यावर हसणारा माणूसही आतून आजारी असू शकतो.

मग पडद्यावरची भेट निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. मार्च 2020 मध्ये भारत सरकारने अशा सल्ल्यासाठी नियम ठरवून दिले. त्याच वर्षी 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेतून लोकांना घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येऊ लागले. प्रकृती स्थिर असेल आणि तपासणीचे अहवाल हाती असतील, तर डॉक्टर ते पाहून सल्ला देऊ शकतात. रुग्णाचा प्रवास वाचतो, मजुरी बुडत नाही आणि गर्दीतील संसर्गही टळतो.

परंतु डॉक्टर पडद्यातून पोट दाबून पाहू शकत नाहीत, की पायांवरची सूज बोटाने तपासू शकत नाहीत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तर वरचेवर रुग्णालयात जावेच लागते. पुढेही ताप आला, लघवी कमी झाली, अंगावर सूज आली किंवा नव्या किडनीच्या जागी दुखू लागले, तर पडद्यावरच्या भेटीची वाट पाहू नये. लगेच रुग्णालय गाठावे. मनाने वेदनाशामक गोळी घेऊ नये. काही गोळ्यांनी किडनीला इजा होते.

अशा रुग्णाच्या घरातील मुलेही मदत करू शकतात. रोजचे वजन, रक्तदाब आणि ताप वहीत लिहून ठेवावा. डॉक्टरांशी बोलताना ती वही जवळ असावी.

आईने दिलेली किडनी ही एक अमानत आहे. ती जपायची, तर कोणत्या दिवशी पडदा पुरेल आणि कोणत्या दिवशी पुणे गाठावे लागेल, हे ओळखता आले पाहिजे.