बास्केटवर खाचा पडल्यात : घासू की बदलू?

आजचा एपिसोड एका ऑडिओ नोटमुळे सुचला. सांगलीकडच्या एका श्रोत्याने पाठवली होती, साडेतीन मिनिटांची. त्याने २०१२ची सेकंडहँड यामाहा वायझेड २५० एफ घेतलीय. क्लच दाबून धरला तरी बाइक पुढे सरकते, न्यूट्रल तर लागतच नाही. गॅरेजवाल्याने कव्हर उघडून बघितलं आणि म्हणाला, ‘बास्केट खाल्लीय. कानस मारून देतो, चालेल.’ दुसरीकडे ऑनलाइन एक लालभडक बास्केट दिसतेय, ‘बिलेट’ लिहिलेली, नावाजलेल्या कंपनीच्या पाव किमतीत. शेवटी विचारतो, ‘दादा, साठवलेले पैसे एकदाच जाणारेत. काय करू?’

भावा, तुझं उत्तर देतोच. पण आधी ही बास्केट खराब का होते ते समजून घेऊ, म्हणजे पुढच्या वेळी मला विचारायची गरज पडणार नाही.

क्लच बास्केट म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत क्लच हाउसिंग. एक वाटी समजा, जिच्या कडेला चिरा पाडल्यात. चिरांमध्ये उरलेल्या पट्ट्या म्हणजे बास्केटची बोटं. क्लच प्लेटला बाहेरच्या बाजूने कान असतात, ते त्या चिरांमध्ये बसतात. वाटीच्या मागे मोठा प्रायमरी गिअर असतो, त्याला क्रँकवरचा छोटा गिअर फिरवतो. म्हणजे इंजिनाची सगळी ताकद बास्केटच्या बोटांवरून प्लेटच्या कानांवर जाते, आणि मग पुढे गिअरबॉक्सला.

आता सिंगल सिलेंडर इंजिन काही सलग ढकलत नाही, ते ठोसे मारतं. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक ठोसा. १०,००० आरपीएमला मिनिटाला ५,००० ठोसे, म्हणजे सेकंदाला ८० हून जास्त. प्रत्येक ठोशाला प्लेटचा कान बोटावर आपटतो. थ्रॉटल सोडलं की उलट्या बाजूला आपटतो. बोट ॲल्युमिनियमचं, कान पातळ. हातोडीने एकाच जागी टकटक करत राहिल्यासारखं होतं. थोड्या दिवसांत तिथे खाच पडते, प्रत्येक प्लेटच्या जागी एक. उघडून बघितलं तर बोटावर शिडीसारख्या पायऱ्या दिसतात.

खाच पडली म्हणून बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की क्लच दाबल्यावर प्लेट बोटावरून घसरून एकमेकींपासून सुटायला हव्यात. कान खाचेत अडकला की प्लेट सुटतच नाही. म्हणून बाइक सरकते, न्यूट्रल सापडत नाही, क्लच सोडताना एकदम झटका देते. माती-चिखलात हळू चालवताना, अर्ध्या क्लचवर वळण काढताना हे फार जाणवतं.

इथे एक गोष्ट नीट ऐका. चढावर थ्रॉटल दिलं, इंजिन ओरडलं, पण बाइकने ओढलं नाही, तर ती क्लच स्लिपची तक्रार आहे. तिथे दोष बहुतेक वेळा प्लेटमध्ये, स्प्रिंगमध्ये किंवा ऑइलमध्ये असतो, बास्केटमध्ये नाही. लोक स्लिप होणाऱ्या क्लचला महागडी बास्केट टाकतात आणि मग म्हणतात फरकच पडला नाही. पडणार कसा?

आता कानस. गॅरेजवाला अगदीच चुकीचं बोलत नाहीये. बोटावर नख फिरवलं, जरासं अडकलं, एवढंच असेल तर बारीक सपाट कानशीने कडा काढता येतात. पण सगळ्या बोटांवर सारखी कानस पडली पाहिजे. एका बोटावर जास्त घासलं तर तिथला कान मोकळा राहतो आणि बाकीच्यांवर जास्त भार येतो. आणि घासलं की चीर रुंद होते, कानाला खेळायला जास्त जागा मिळते. जागा जास्त म्हणजे हातोडी जास्त लांबून उचलायची. पुढची खाच आधीपेक्षा लवकर पडते. म्हणून मी म्हणतो, घासायचं तर आयुष्यात एकदाच आणि हलकंसं. पायऱ्या डोळ्यांना स्पष्ट दिसत असतील तर कानस ठेवून द्या.

मग घ्यायची कुठली? इथे ‘बिलेट’ या शब्दाने आपल्याकडे फार लोकांना भुलवलंय. बिलेट म्हणजे ठोकळा. ॲल्युमिनियमच्या अख्ख्या ठोकळ्यातून सीएनसी मशीनवर कोरून काढलेली वस्तू. पण हा शब्द फक्त ती कशी बनवली ते सांगतो. ठोकळा कुठल्या ॲल्युमिनियमचा, वरचा थर किती कडक, हे त्यात कुठेच येत नाही. मऊ ठोकळ्यातून कोरलेली बास्केट मऊच राहणार ना!

बनवायच्या पद्धती मुख्यतः तीन. बाइकसोबत येणारी ॲल्युमिनियमची बास्केट बहुधा ओतीव असते, वितळलेला धातू साच्यात दाबून. स्वस्त पडते, पण आत बारीक पोकळ्या राहू शकतात. दुसरी फोर्ज्ड, म्हणजे घडीव, प्रचंड दाबाने ठोकून आकार दिलेली. त्यात धातूचे कण आकाराप्रमाणे वळतात, म्हणून ती चिवट असते. वाइजको कंपनीच्या बास्केट घडीव असतात. तिसरी बिलेट, त्यात हिन्सनचं नाव मोठं आहे. घडीव की बिलेट, यावर लोक तासन्तास भांडतात. दोन्ही चांगल्या कारखान्यातल्या असतील तर त्या भांडणात मला रस नाही.

मला रस आहे वरच्या थरात. चांगल्या बास्केटला हार्ड अनोडायझिंग केलेलं असतं. ॲल्युमिनियमवर विजेच्या प्रक्रियेने त्याच्याच ऑक्साइडचा थर तयार करतात. थर साधारण २५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ, पण खालच्या धातूपेक्षा कितीतरी कडक. कानाचे ठोसे हा थर झेलतो. नुसताच हार्ड अनोडाइज केलेला भाग गडद राखाडी किंवा तपकिरी-काळसर दिसतो. चकचकीत लाल, निळा, सोनेरी दिसत असेल तर बहुतेकदा ते साधं, पातळ, शोभेचं अनोडायझिंग असतं. रंगावरून शंभर टक्के निकाल देऊ नका, पण लालभडक बास्केट दिसली की विक्रेत्याला विचारा : थर हार्ड आहे का, आणि किती मायक्रॉनचा? उत्तरात नुसतं ‘बेस्ट क्वालिटी सर’ आलं, तर तुम्हाला उत्तर मिळालंय.

आणि याच कारणासाठी हार्ड अनोडाइज्ड बास्केटला कानस कधीच लावायची नाही. थर गेला की खाली मऊ ॲल्युमिनियम, संपला विषय.

स्टीलचं काय, असंही कुणीतरी विचारेलच. केटीएमच्या काही मोटोक्रॉस बाइकमध्ये डीडीएस क्लच येतो, त्यातली बास्केट स्टीलची असते. स्टील ॲल्युमिनियमपेक्षा साधारण तिप्पट ताठ आणि जवळजवळ तिप्पट जड. ताठ असल्यामुळे भिंती पातळ ठेवता येतात, म्हणून वजन आवाक्यात राहतं. अशी बाइक असेल तर खाचांची चिंता बरीच कमी.

फोटो बघून अजून काय तपासायचं? बोटाचं मूळ. जिथे बोट वाटीच्या तळाला मिळतं तो कोपरा गोलसर हवा. काटकोनात कापलेला असेल तर सगळा ताण त्या रेषेवर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. बोटांची टोकं मोकळी असतात, जोरात फिरताना ती बाहेरच्या बाजूला ओढली जातात. म्हणून बोट जाड हवं आणि मूळ गोल हवं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. चार वर्षांपूर्वी माझ्या जुन्या टू-स्ट्रोकवर मीही पैसे वाचवायला बिननावाची बास्केट टाकली होती. दिसायला काय देखणी! थोड्याच वीकेंडमध्ये रंग उडाला, खाचा आल्या. ऑइल काढलं तर त्यात चांदीसारखी चमक, म्हणजे ॲल्युमिनियमची भुकटी. मी म्हटलं, हा सीझन काढू. एका उडीवरून उतरलो आणि आतून खाडकन आवाज आला. एक बोट मुळापासून तुटलं होतं, आणि तो तुकडा प्रायमरी गिअरच्या दातांत गेला. गिअर गेला, केसला तडा गेला, बाइक आठ महिने उभी. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले. सुदैव एवढंच की चाक लॉक झालं नाही आणि मी पडलो नाही.

आता बसवायचा भाग, जो ऑनलाइन कुणी सांगत नाही. आफ्टरमार्केट बास्केट बहुतेक वेळा नुसती वाटी येते. मागचा गिअर तुमच्या जुन्या बास्केटवरून काढून लावायचा असतो. जुन्या बास्केटला तो रिव्हेटने बसवलेला असतो, रिव्हेट ड्रिल करून काढावे लागतात. गिअर आणि बास्केटच्या मध्ये रबरी कुशन असतात, ते ठोसे मऊ करतात. जुना गिअर एका हातात धरून बास्केट पिळून बघा. खडखड हलत असेल तर कुशन मेलेत. चांगल्या किटमध्ये नवे कुशन आणि स्क्रू येतात. येत नसतील तर किंमत बघताना तेही पकडा. स्क्रूला थ्रेड लॉक लावायचंच, आणि टॉर्क रेंचने, किटच्या कागदावर दिलेल्या आकड्यावर आवळायचं. इथे अंदाजपंचे काम केलं आणि स्क्रू सुटून मागे आला, तर तो केस खरवडतो. तुझी बाइक किकची आहे, तेव्हा किकचा गिअर कुठे बसतो, कुठला वॉशर कुठल्या क्रमाने आहे, याचे उघडतानाच मोबाइलवर फोटो काढ. सेंटर नटखाली वाकवायचा लॉक वॉशर असेल तर तो नवाच टाक.

प्लेटही नव्या घ्या. जुन्या प्लेटचे कान झिजून गोल झालेले असतात. तेच नव्या बास्केटमध्ये टाकले तर पहिल्या दिवसापासून खडखड सुरू. आतला क्लच सेंटर पण बघा, त्याच्यावर स्टील प्लेटच्या खाचा पडतात. नव्या प्लेट बसवण्याआधी रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवा. आणि ऑइल जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलंच. कारचं घसरडं ऑइल टाकलं तर क्लच स्लिप होईल आणि तुम्ही बिचाऱ्या बास्केटला शिव्या घालाल.

एक्सपल्स, हिमालयनवाले मित्र ऐकत असतील. तुम्ही घाटात, नदीपात्रात फिरता, मजा करता. तुमच्या इंजिनाचे ठोसे मोटोक्रॉस बाइकएवढे जोरात नसतात, आणि तुम्ही दर वळणाला क्लच फोडतही नाही. तुमचं हाउसिंग खराब झालंच तर कंपनीचा ओरिजिनल पार्ट घ्या. तो तुम्हाला पुरतो.

तर सांगलीच्या भावा, तुझ्यासाठी. सरळ न्यूट्रल लागत नाही म्हणतोस, म्हणजे नख अडकण्याच्या पलीकडे गेलंय. आधी फुकटातली गोष्ट कर : क्लच केबलचा प्ले मॅन्युअलप्रमाणे आहे का बघ. प्ले जास्त असेल तरी बाइक सरकते. तो ठीक असेल तर कव्हर काढून बोटांचा उजेडात फोटो घे, दोन्ही बाजूंचा. पायऱ्या दिसल्या तर लाल बास्केट विसर. नावाजलेली बास्केट बाहेरच्या दुकानांत दोन-तीनशे डॉलरच्या आसपास असते, वर शिपिंग आणि कस्टम ड्युटी. नाहीतर यामाहाचा ओरिजिनल पार्ट मागव. तू रोज रेस करणार नाहीयेस, त्याच्यावर तुझे दोन-तीन सीझन आरामात जातील. सोबत प्लेट आणि स्प्रिंगही बघ.

आणि हो, क्लच कव्हरचं गॅस्केट आधीच मागवून ठेव. मी ते विसरलो होतो, आणि बाइक उघडी ठेवून पंधरा दिवस कुरिअरची वाट बघत बसलो होतो.