तळ्यातील कोई आणि अ‍ॅक्रिलिकचे थर

जपानच्या निइगाता प्रांतातील यामाकोशी आणि ओजिया या डोंगराळ भागात शेतकरी खाण्यासाठी कार्प मासे पाळत असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांतील काही माशांच्या अंगावर रंगीत डाग दिसू लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करत त्यांपासून ‘निशिकिगोई’, म्हणजे आज कोई या नावाने ओळखला जाणारा शोभेचा मासा, सिद्ध झाला. १९१४ साली टोक्योत भरलेल्या ताइशो प्रदर्शनामुळे त्याची कीर्ती डोंगराबाहेर पोहोचली. चित्रकाराने या इतिहासातून एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती ही की हा मासा काचेच्या टाकीत बाजूने पाहण्यासाठी नव्हे, तर काठावर उभे राहून वरून पाहण्यासाठी घडवला गेला. ‘कोहाकु’ जातीच्या पांढऱ्या पाठीवरील तांबडे पट्टे, ‘साँके’ जातीत त्यांना मिळणारी काळ्या ठिपक्यांची जोड किंवा ‘तांचो’च्या माथ्यावरचा एकच तांबडा गोल, हे सारे वरूनच पूर्ण दिसते, आणि म्हणूनच रेखाटनाची सुरुवात खवल्यांपासून न करता कण्याच्या एका सलग वळणापासून करणे इष्ट ठरते.

माशापेक्षा अवघड असते ते पाणी. उथळ, स्वच्छ पाण्याला डोळ्यांना जाणवेल असा स्वतःचा रंग नसतो. दिसतो तो तळाचा गाळ, मधला मासा आणि पृष्ठभागावर परावर्तित झालेले आकाश. सरळ खाली पाहिल्यास पृष्ठभागावरून जेमतेम दोन टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणून पायाजवळचा तळ स्पष्ट दिसतो; नजर जसजशी तिरपी होते तसतसे परावर्तन वाढत जाते आणि पलीकडच्या काठाशी केवळ आकाशच उरते. ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर पुण्यात उभारलेल्या पु. ल. देशपांडे उद्यानातील पाण्याकडे पाहतानाही हा फरक सहज पडताळता येतो. सगळे तळे एकसारखे निळे रंगवण्याची सवय अशा चित्रांचा सर्वाधिक घात करते.

तळ, मासा आणि आकाशाचे प्रतिबिंब या तिन्ही गोष्टी एकावर एक असल्यामुळे अ‍ॅक्रिलिक हे माध्यम त्यांना फार मानवते. या रंगांत रंगद्रव्याचे कण अ‍ॅक्रिलिक बहुवारिकाच्या, म्हणजे एका कृत्रिम राळेच्या, पाण्यातील पायसात, म्हणजे इमल्शनमध्ये, मिसळलेले असतात; पाणी उडून गेले की राळेचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून लवचीक पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे काही मिनिटांतच पहिल्या थरावर दुसरा थर, खालचा न विस्कटता, देता येतो. डेव्हिड हॉकनी यांनी १९६७ साली ‘अ बिगर स्प्लॅश’ या चित्रात जलतरण तलावाचे सपाट निळे पाणी याच माध्यमात रंगवले आणि क्षणात विरणारे तुषार मात्र बारीक कुंचल्यांनी सुमारे दोन आठवडे रंगवले.

कोईच्या चित्रात आधी तळ येतो: बर्न्ट अंबर आणि थॅलो ग्रीन यांच्या मिश्रणाचा गडद, किंचित असमान थर. त्यावर माशांच्या सावल्या, कारण मासा आणि त्याची सावली यांतील अंतरावरूनच पाण्याची खोली कळते. मग प्रत्येक मासा प्रथम अपारदर्शक टायटॅनियम व्हाइटने पूर्ण पांढरा करून घ्यावा. पारदर्शक तांबड्याखाली पांढरा असला तर तो उजळतो, गडद तळ असला तर मळकट होतो. खोलवरच्या माशावर थॅलो ग्रीनचा अगदी विरळ पारदर्शक थर, ज्याला ग्लेझ म्हणतात, पसरला की तो खाली जातो. त्यानंतर मधला मासा, पुन्हा ग्लेझ, आणि सर्वांत वरचा मासा ग्लेझविना. रंग विरळ करण्यासाठी नुसते पाणी फार घातल्यास राळेची पकड सैल होते, म्हणून ग्लेझिंग मीडियम वापरणेच योग्य. ओले पायस दुधाळ असल्याने थर वाळल्यावर अधिक गडद दिसतो, हे आधी वेगळ्या कागदावर तपासून घ्यावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रंग इतका झपाट्याने वाळतो की पाण्याखालच्या परांच्या मऊ कडा साधत नाहीत. तेथे वाळण्याचा वेग मंद करणाऱ्या रिटार्डरचे काही थेंब उपयोगी पडतात.

तरंग सर्वांत शेवटी येतात. दूरची वलये चपटी दिसतात, प्रत्येक वलयाची एक बाजू आकाश धरते व दुसरी तळ दाखवते, आणि माशाची बाह्यरेषा जेथे वलयाला छेदते तेथे ती तुटून किंचित सरकते, कारण पाण्यातून हवेत येताना प्रकाशाची दिशा बदलते. हे तुटणे धीटपणे रंगवले तरच मासा पाण्यात आहे असे वाटते. पूर्ण कठीण कडा फक्त तेथेच असावी, जेथे तोंड किंवा पृष्ठपर पाण्याबाहेर येतो. जपानी चित्रकार रिउसुके फुकाहोरी सोनमासे पारदर्शक रेझिनच्या थरांमध्ये अ‍ॅक्रिलिकने टप्प्याटप्प्याने रंगवतात, तेव्हा खोली प्रत्यक्षच असते; कॅनव्हासवर ती ग्लेझने निर्माण करावी लागते, आणि चित्र पूर्ण वाळल्यावर चकचकीत व्हार्निश दिल्यास गडद तळ आणखी खोल दिसतो, तर मॅट व्हार्निश पृष्ठभागावरच प्रकाश विखरून ती खोली कमी करते.